दादासाहेबांचा साडेसातशेचा कॅमेरा

मित्रमैत्रिणींनो, आधीच कबूल करते. पहिलीपासून मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मॅडमनी मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सांगितलं तेव्हा व्हायव्हापेक्षा मोठा गोळा पोटात आला! ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासून दिलंय. उरलेल्या चुका माझ्या, सांभाळून घ्या.

विषय मात्र शोधावा लागला नाही, तो घरातच होता. नाशिकला पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. या मे महिन्यात तो पाडायचं ठरलं. आजी लग्न होऊन त्या वाड्यात आली त्याला आता साठ वर्षं झाली. पाडण्याआधी एकदा सगळ्या वाड्याचं नीट शूटिंग करायचं, आजी एकेका खोलीत उभी राहून तिथल्या आठवणी सांगेल आणि ते सगळं जपून ठेवायचं, असं घरात ठरलं. आधी मोबाइलवर प्रयत्न केला. माजघरात अंधार, लांबून झूम केलं की चित्र फुटणार, आजी रंगात आली की नेमकं स्टोरेज संपणार! मग बाबा म्हणाले की आपण साधासा एचडी कॅमकॉर्डर घेऊ, सेकंडहँड चालेल, पण पंधरा हजारांच्या वर एक रुपया नाही. घरात इंजिनिअर होऊ घातलेली मी एकटीच, म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी काय केलं असेल? अर्थातच एक्सेल शीट! तेवीस मॉडेल्स, चौदा कॉलम्स. ऑप्टिकल झूम किती, सेन्सर केवढा, बॅटरी किती वेळ. दोन महिने ती शीट वाढत गेली आणि कॅमेरा काही आला नाही. शेवटी आजीच वैतागली. तिचं म्हणणं, फाळके आपल्या नाशकातलेच, त्यांनी कॅमेरा कसा घेतला ते आधी वाच. मला दादासाहेब फाळके म्हणजे पुरस्काराचं नाव एवढंच ठाऊक. लाज वाटली आणि लायब्ररी गाठली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने शास्त्री व्हावं अशी घरातली परंपरा, पण याचा ओढा चित्रं, नाटक आणि जादूच्या प्रयोगांकडे. वडिलांना मुंबईच्या कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्रही शिकले. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसाने एकाच वेळी तीन-चार ब्रँचेसची डिग्री घेतली!

पण डिग्रीने पोट भरत नाही हे त्यांनाही कळलंच. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो अशी अफवा पसरली, गिऱ्हाईक येईना. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात तीही सोडली आणि छापखाना काढला, आधी लोणावळ्याला, मग दादरला. रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना उत्तम चालला आणि तेवढ्यात भागीदारांशी बिनसलं. चाळिशीत हा माणूस पुन्हा शून्यावर!

याच सुमाराला गिरगावातल्या एका तंबू थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण नाचायला लागले. आपल्या देवांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा प्रश्न डोक्यात शिरला तो कायमचा.

आता मी असते तर दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागले असते. फाळक्यांनी तसं केलं नाही. आधी जवळजवळ वर्षभर त्यांनी फक्त अभ्यास केला. कॅटलॉग मागवले, पुस्तकं वाचली, लहानसं यंत्र आणि फिल्मचे तुकडे घेऊन घरी भिंतीवर चित्रं पाडून बघितली, मिळेल तो सिनेमा पाहिला. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या गेल्या. झोप नाही, डोळ्यांवर ताण, शेवटी काही काळ दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि एकामागून एक चष्मे बदलून ती परत आली. सबमिशनच्या आदल्या रात्री आपले डोळे लाल होतात त्याचं आपण केवढं कौतुक करून घेतो!

मग पैशांचा प्रश्न. त्यांच्याकडे बारा हजारांच्या विमा पॉलिसी होत्या, त्या गहाण ठेवून दहा हजारांचं कर्ज काढलं. १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीने लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप नावाचं सिनेमाचं साप्ताहिक निघायचं आणि फाळके त्याचे मुंबईतले वर्गणीदार होते. तेवढ्या ओळखीवर ते थेट संपादक केबर्न यांच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. केबर्ननी आधी समजावलं की या धंद्यात पडू नका, इथे इंग्लंडमध्येच कित्येकजण बुडालेत आणि हिंदुस्थानची हवा तर याला अजिबात मानवायची नाही. पण हा माणूस ऐकणारा नाही हे ओळखल्यावर त्यांनीच मदत केली. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा वॉल्टनचा स्टुडिओ दाखवायची सोय केली. तिथे फाळक्यांनी एकेक विभाग, ट्रिक फोटोग्राफीसकट, नीट पाहून घेतला. त्यांनी निवडला तो विल्यमसन कॅमेरा. हा जेम्स विल्यमसन म्हणजे समुद्रकाठच्या होव्ह गावचा औषधवाला. स्वतः सिनेमे काढता काढता पुढे यंत्रं बनवायला लागलेला. वापरणाऱ्याने बनवलेलं यंत्र!

या कॅमेऱ्याची किंमत होती पन्नास पौंड. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडायचे, म्हणजे साडेसातशे रुपये. हा आकडा काढल्यावर मी वहीत त्याच्याभोवती दोनदा गोल केला. दहा हजारांच्या कर्जातले फक्त साडेसातशे कॅमेऱ्याला, दहा टक्केसुद्धा नाहीत! बाकीचा पैसा प्रवासाला, कच्च्या फिल्मला, फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राला आणि पुढच्या सगळ्या खटाटोपाला लागणार होता. हो, भोकं पाडायचं यंत्र! तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय कोरी यायची. पट्टी कॅमेऱ्यात सरकायची तर दोन्ही कडांना, प्रत्येक चित्रामागे चार-चार भोकं आपली आपण पाडायची, तीही अंधारात. हा हिशोब वाचून मी माझी शीट उघडली. पंधरा हजारांपैकी पंधरा हजार कॅमेऱ्यालाच लावले होते. ट्रायपॉड शून्य, माइक शून्य, हार्ड डिस्क शून्य.

१ एप्रिल १९१२ ला फाळके परत आले आणि फाळके फिल्म्स सुरू झाली. मे महिन्यात कॅमेरा येऊन पोचला. सोबतच्या आकृतीवरून चार दिवसांत त्यांनी तो जोडला. आणि पहिलं काय टिपलं? राजा हरिश्चंद्र नाही. आजूबाजूची मुलंमुली! यंत्र चालतं का बघायला त्यांनी चक्क आळीतल्या पोरांचं शूटिंग केलं. म्हणजे आपण आज ज्याला होम व्हिडिओ म्हणतो तेच की!

पण सावकाराला पोरांचं शूटिंग दाखवून पैसे मिळत नाहीत. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला. महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर मात्र मिनिटभरात दाणा फुटला, कोंब आला, वेल वर चढला. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरायचे, म्हणजे एका मिनिटाला नऊशे साठ चित्रं, महिनाभरात रोज तीसेक. आज मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं. त्यांच्याकडे बटण नव्हतं, चिकाटी होती. 'अंकुराची वाढ' नावाची ही छोटी फिल्म पाहून कर्ज द्यायला माणसं तयार झाली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले.

सरस्वतीबाईंचं नाव कुठल्या पुरस्काराला आहे की नाही मला माहीत नाही, पण असायला हवं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, कॅमेऱ्यात भरणं हे सगळं त्या शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मचं काम. शूटिंगला दिवे नव्हते, सगळं सूर्यप्रकाशात. म्हणून उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या उजेड कलाकारांच्या तोंडावर पाडायच्या.

तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला मित्र त्र्यंबक तेलंग, त्यांनाही फाळक्यांनीच शिकवलं. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

पण इतिहास तिथे संपत नाही. नाशिकला येऊन त्यांनी 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' काढले. १९१४ मध्ये लंडनला जाऊन चित्रपट दाखवले. तिथेच राहून काम करण्याची संधी आली ती नाकारून परत आले, तर महायुद्धामुळे पैसे देणाऱ्यांनी हात आखडले. तरी १९१७ मध्ये 'लंकादहन' केला, त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग भागीदारांशी वाद, काशीला जाऊन राहणं, परत येणं. १९३७ मध्ये कोल्हापूरला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट झाला. सिनेमा बोलायला लागला होता आणि ज्याने तो इथे आणला त्याला काम उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, पंचवीस वर्षांनी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट केले, आणि उरलेत अगदी थोडे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने जपली ती पहिलं आणि शेवटचं अशी दोनच, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. जुनी नायट्रेटची फिल्म, पटकन पेटणारी आणि आपोआप कुजणारी. डोळे, दागिने, विमा सगळं ओतून केलेलं काम डब्यात कुजून गेलं. कॅमेरा चुकला नव्हता, जपायचं राहून गेलं.

त्या रात्री मी एक्सेल शीट बंद केली. सेकंडहँड फुल एचडी कॅमकॉर्डर आठ हजारांत घेतला. ऑप्टिकल झूम खरा आणि माइकची पिन लावायला जागा, एवढंच बघितलं. राहिलेल्या सात हजारांत ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक आणि दोन हार्ड डिस्क. मग दादासाहेबांसारखं आधी सोसायटीतल्या पोरांचं शूटिंग केलं. बरं झालं! ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसले. आपली वीज पन्नास हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि मी कॅमेरा साठवर ठेवला होता. पन्नासवर आणल्यावर पट्टे गेले. हे वाड्यात कळलं असतं तर?

दोन रविवारांत वाडा टिपून झाला. माजघरात उजेड नव्हता, तेव्हा आई आणि काकू अंगणात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. ऊन दारातून आत वळलं आणि आजीच्या तोंडावर आलं. आजीने चूल कुठे होती, बाबा कुठल्या पायरीवरून पडले, आजोबा कुठल्या खिडकीशी बसून पेपर वाचायचे, सगळं सांगितलं. पावणेचार तास! एक डिस्क आमच्याकडे, एक काकांकडे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा वाडा नसेल. तुमच्याही घरात एखादी आजी, एखादा वाडा असेल. शीट जास्त वाढवू नका, मित्रांनो. मे महिना कुणासाठी थांबत नाही.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन