संत नरहरी सोनार : कसाला उतरलेले जीवन

महाराष्ट्राच्या संतमेळ्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. गोरोबांनी चाक सोडले नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही, सेना महाराजांनी धोकटी खाली ठेवली नाही. आपापल्या उद्योगातच त्यांना देव सापडला. याच मालिकेत हाती हातोडी आणि पुढ्यात शेगडी घेऊन बसलेले नरहरी सोनार शोभून दिसतात. दागिना घडविणे हा ज्यांचा पोटाचा धंदा होता आणि तोच ज्यांच्या साधनेचा मार्ग झाला, अशा या पुरुषाचे चरित्र थोडक्यात आठवण्याचा हा प्रयत्न आहे.

नरहरींचा काळ यादवांच्या राजवटीतील. ज्ञानेश्वर व नामदेव यांच्या समकालीनांत त्यांची गणना होते. परंपरेने त्यांच्या वडिलांचे नाव अच्युत व आईचे नाव सावित्री असे सांगितले आहे. घराणे कट्टर शिवभक्त. पंढरपुरात राहूनही नरहरी नित्य मल्लिकार्जुनाचे दर्शन घेत आणि विठ्ठलाच्या देवळाकडे चुकूनही फिरकत नसत. चंद्रभागेकाठी सारा गाव विठ्ठलनामाने दुमदुमत असताना हा माणूस मान खाली घालून आपल्या दुकानी जाई. हातात कसब मात्र असे, की शैव असो वा वैष्णव, दागिना घडवायचा तो नरहरींकडूनच.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी कथा महिपतीने अठराव्या शतकात आपल्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. एका सावकाराने पुत्रप्राप्तीसाठी विठ्ठलाला सोन्याचा करगोटा नवस केला होता. नवस फळाला आला आणि तो काम घेऊन नरहरींकडे आला. नरहरींनी काम पत्करले, पण देवळात येऊन माप घेण्यास साफ नकार दिला. तेव्हा सावकाराने स्वतःच मूर्तीच्या कमरेचे माप आणून दिले. नरहरींनी त्या मापाबरहुकूम करगोटा घडविला. देवाच्या कमरेला बांधू गेले तो लांब भरला. तोडून नीट केला, तर आखूड झाला. पुन्हा पुन्हा तोच प्रकार घडला.

नाव कमावलेल्या कारागिराच्या दृष्टीने ही नामुष्कीच होती. एकीकडे कुळाचे व्रत, दुसरीकडे हाताची अब्रू! अखेर नरहरींनी मधला मार्ग काढला. डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले आणि हातांनी मूर्ती चाचपू लागले. हाताला लागली ती पाच मुखे, दहा भुजा, गळ्यातील सर्प आणि कमरेचे व्याघ्रांबर. आपलेच आराध्य समोर आहे, या आनंदात त्यांनी पट्टी काढली, तो विटेवर विठ्ठल उभा! पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. हरी आणि हर हे दोन नव्हेत, हा उमज त्यांना तेथेच पडला. मग करगोटा अचूक बसला आणि नरहरी वारकरी झाले.

ही कथा चमत्कार म्हणून ऐकण्याची आपणांस सवय आहे. पण कारागिराच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ अगदी साधा आहे. ज्याच्यासाठी दागिना घडवायचा, त्याच्याजवळ न जाता तो घडविता येत नाही. सोने शुद्ध होते, हात सराईत होता, मापही होते. नव्हती ती जवळीक. मनातील दुराव्याने काम बिघडविले होते आणि तो दुरावा जाताच काम साधले. सोनारानेच कान टोचावेत अशी आपली म्हण आहे; येथे सोनाराचे कान त्याच्याच कामाने टोचले!

नरहरींचे अभंग आज फार थोडे उपलब्ध आहेत. त्यांतील प्रसिद्ध अभंगात त्यांनी आपल्या दुकानातील अवजारेच परमार्थाच्या भाषेत मांडली आहेत. देह ही शेगडी, अंतरात्मा हे सोने आणि हातोडा विवेकाचा. पंढरपुरात महाद्वाराजवळ त्यांची समाधी आहे, आणि माघ वद्य तृतीयेला सोनार समाज ठिकठिकाणी त्यांची पुण्यतिथी पाळतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात हे चरित्र वाचताना आणखी एक विचार मनात येतो. सोनाराच्या धंद्याला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी या रानाने पुरविल्या आहेत. पोकळ दागिन्यात भरायची लाख पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर पिकते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. या जुन्या तोलातील गुंजही रानवेलीचीच. नदीची वाळू आणि सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझारी या मुलखातलेच. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळी ‘ऐने अकबरी’त झाली होती. दागिना अंगावर चढतो तेव्हा त्याच्या मागे असे किती अनाम हात राबलेले असतात!

त्या हातांना त्यांचे मोल मिळाले काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. बाजारच्या दिवशी चार पैसे गाठीला बांधून चांदीचे कडे घ्यायला आलेल्या गोंड बाईला कस कळत नाही, हीण कळत नाही. तिला कळतो तो केवळ सोनाराचा शब्द. मुशीत काय मिसळले हे एक सोनार जाणतो आणि एक अग्नी. म्हणून या धंद्यात कसबापेक्षाही सचोटी मोठी. नरहरींनी सोने कसोटीवर घासता घासता स्वतःलाच तिच्यावर घासून पाहिले. आपण कोणी सोनार होऊ वा न होऊ, शिक्षक, कारकून, शेतकरी काहीही होऊ. ज्याच्यासाठी आपण काम करतो त्याच्याजवळ जाण्याची आणि आपल्या कामात हीण न मिसळण्याची त्यांची शिकवण आपल्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.