डॉ. इरावती कर्वे : आधी पाहणाऱ्या, मग बोलणाऱ्या

कला शाखेत समाजशास्त्र, मानसशास्त्र असे विषय घेतले की घरची मंडळी हमखास विचारतात, हे शिकून पुढे काय? याचे उत्तर परीक्षेच्या गाइडात सापडत नाही. मला ते डॉ. इरावती कर्वे यांच्या चरित्रात सापडले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी १९२८ साली समाजशास्त्रात एम.ए. केले.

त्याच वर्षी त्या जर्मनीला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हे पसंत नव्हते. पण पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते व ते त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या फरकाचा काही संबंध नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्याच गुरूविरुद्ध! फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. फिशर यांच्या विचारांचा आधार पुढे नाझी राजवटीने घेतला, तेव्हा त्या निष्कर्षाचे मोल अधिकच कळते.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची शरीरमापे घेतली, नात्यागोत्यांची माहिती जमवली. मापांची ती पद्धत आज मागे पडली आहे. माणसांत जाऊन पाहण्याची वृत्ती मात्र मागे पडलेली नाही. मोठ्या समूहाचे तुकडे पडून जाती झाल्या, असे घुर्ये मानीत. कुंभारांमधील थोरचाके, लहानचाके असे वेगळे गट पाहून, मुळात निराळे असलेले गट एकत्र नांदू लागले, असे मत इरावतीबाईंनी मांडले. दुसऱ्या गुरूशीही मतभेद झाला, तो पुराव्यामुळेच.

'युगान्त' या त्यांच्या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातील माणसांकडेही त्यांनी माणसे म्हणूनच पाहिले. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवडी बाजारांचाही त्यांनी अभ्यास केला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, धरणाने उठलेली गावे आपल्याला परकी नाहीत. निम्न दुधना प्रकल्पासाठी आपल्याच भागातील लोकांनी घरेदारे सोडली. आठवडी बाजार तर आपण लहानपणापासून पाहतो. वाटूरच्या विद्यार्थ्याला समाजशास्त्राची प्रयोगशाळा शोधायला दूर जावे लागत नाही. वही घेऊन बाहेर पडावे, विचारावे, मोजावे, आणि जे दिसेल ते गाइडाशी जुळले नाही तरी तसेच लिहावे. हे शिकून पुढे काय, याचे माझे उत्तर एवढेच आहे.