राजकुमारी अमृत कौर आणि शिध्याचे दिवस

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शिधापत्रिकांच्या हकिकती आपण ऐकल्या असतील. मुंबईत १९४३ साली रेशन सुरू झाले. अमेरिकेसारख्या सुबत्तेच्या देशातही १९४२ च्या मे महिन्यापासून साखर मोजून मिळू लागली आणि तान्ह्या बाळाच्या नावानेही शिधापुस्तिका निघू लागली. मात्र तिकडे साखर कमी पडली, इकडे त्याच काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. १९४६ च्या आरंभी तर आपल्याकडे माणशी रोजचे धान्य सोळा औंसांवरून बारा औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आले. घरच्या चुलीचा प्रश्न हा देशाचा प्रश्न आहे, हे ज्यांनी फार आधी ओळखले होते त्यांत राजकुमारी अमृत कौर या ख्रिस्ती भगिनी होत्या.

त्यांचे स्वतःचे बालपण भुकेपासून फार दूर होते. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील त्यांचे वडील राजा हरनामसिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई प्रिसिला या जालंदरचे बंगाली मिशनरी गोलकनाथ यांच्या कन्या. लखनौत जन्मलेल्या या मुलीचे शिक्षण इंग्लंडातील शेरबोर्न येथे झाले. तेथे त्या खेळातही अग्रेसर होत्या.

वडिलांच्या निधनानंतर १९३४ मध्ये त्या वर्ध्यास गांधीजींकडे आल्या आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्या चिटणीस राहिल्या. सेवाग्रामचे जेवण महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नकोच : उकडलेली भाजी, हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ. तांदूळ पांढरा शुभ्र करताना त्यातील सत्त्व निघून जाते, हे त्याच वर्ध्यात जे. सी. कुमारप्पा हे दुसरे एक ख्रिस्ती विचारवंत लोकांना पटवून देत होते. युद्धाने इतरांच्या ताटावर बंधने आणली, राजकुमारींनी ती आधीच आपखुशीने पत्करली होती. सिमल्याचे घर मात्र त्यांनी सोडले नव्हते, आणि तेथून सफरचंदे सेवाग्रामला येत. हे ऐकून त्यांच्याविषयीचा आदर कमी व्हावा, असे मला वाटत नाही.

अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या एक संस्थापिका. या परिषदेने १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज काढले आणि आहार, बालसंगोपन व गृहव्यवस्था यांना शास्त्राचे स्थान दिले. १९४२ च्या आंदोलनात राजकुमारींना तुरुंगवास घडला.

१९४७ साली त्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि तेव्हाची दिल्ली कशी होती! पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथे भयभीत मुसलमान कुटुंबे, तर किंग्जवे कॅम्पात पंजाबातून आलेले निर्वासित. घर म्हणजे एक तंबू, आणि पाण्यातून कॉलरा पसरण्याचे भय. एडविना माउंटबॅटन यांच्याबरोबर राजकुमारी पंजाबच्या छावण्यांतून हिंडल्या. युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९४६ मध्ये निघालेल्या युनिसेफची दूधभुकटी पुढे आपल्या मुलांपर्यंतही आली. मुलांना क्षयापासून वाचवण्यासाठी बीसीजीची मोहीम देशभर निघाली. १९५५ मध्ये राजाजींसारख्या वजनदार नेत्याने या लसीला उघड विरोध केला, तरी राजकुमारी मागे हटल्या नाहीत.

कुटुंबनियोजनाच्या बाबतीत मात्र त्यांनी कृत्रिम साधनांना फारसा वाव दिला नाही. दरवर्षी बाळंतपण सोसणाऱ्या स्त्रीचा विचार येथे कमी पडला, असे माझे मत आहे.

१९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तिच्यासाठी त्यांनी न्यूझीलंडपासून मदत मिळवली होती. मंत्रिपद १९५७ मध्ये सुटले, संस्थेचे अध्यक्षपद अखेरपर्यंत राहिले. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. ज्या घरून सेवाग्रामला सफरचंदे जात, ते सिमल्याचे 'मॅनरव्हिल' त्यांनी संस्थेतील परिचारिका व कर्मचाऱ्यांना विश्रांतीसाठी देऊन टाकले होते.