एर्न्स्ट आबे : प्रकाशाची मर्यादा मोजणारा माणूस

सूक्ष्मदर्शक शिकवताना आपण रॉबर्ट हूक सांगतो, लेव्हेनहूक सांगतो आणि पुढे जातो. मग वर्गातलं एखादं चौकस मूल विचारतंच, सर, भिंगातून किती लहान वस्तू दिसेल? अजून मोठं भिंग लावलं तर अणू दिसेल का? या प्रश्नाचं नेमकं उत्तर ज्यांनी दिलं, त्या एर्न्स्ट आबेंचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही.

२३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावी त्यांचा जन्म झाला. वडील सूतगिरणीत कामाला. रोज चौदा ते सोळा तास, मधे सुट्टी नाही. छोटा एर्न्स्ट दुपारी जेवण घेऊन गिरणीत जायचा. वडील यंत्राला टेकून उभ्या-उभ्याच चार घास पोटात ढकलायचे, भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. उंचापुरा, धडधाकट माणूस, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारा दिसू लागला. मुलाने हे कायम लक्षात ठेवलं.

मुलगा हुशार होता. गिरणीमालकाच्या मदतीने तो शिकला. येना आणि गटिंगेन इथे उच्च शिक्षण झालं, १८६१ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८६३ पासून आबे येना विद्यापीठात शिकवू लागले.

येनातच कार्ल झाइस यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथले कारागीर भिंगं बदलून-बदलून, अंदाजाने जुळणी करायचे. जमलं तर जमलं! १८६६ मध्ये झाइस आबेंकडे आले. भिंगं आधी गणिताने ठरवता येतील का, हे त्यांना हवं होतं. आबेंनी गणित केलं. प्रतिमेतले दोष कमी व्हावेत म्हणून भिंगाचं तोंड अरुंद ठेवलं. दोष कमी झाले खरे, पण बारीक तपशीलच दिसेनात! जुनी, अंदाजपंचे बनवलेली भिंगं जास्त दाखवत होती.

हे अपयश मुलांना अवश्य सांगावं, कारण खरा शोध इथेच लागला. वस्तूवरची नक्षी जितकी बारीक, तितका तिच्यातून जाणारा प्रकाश जास्त पसरतो. हा पसरलेला प्रकाश भिंगात शिरलाच नाही, तर तो तपशील प्रतिमेत येणार कुठून? आणि भिंग कितीही रुंद केलं तरी एक हद्द राहतेच. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. रात्री हायवेवर लांबून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे एकच दिसतात ना, तसंच. आबेंनी १८७३ मध्ये हे मांडलं. जिवाणू दिसतील, पण पेशीतलं एकेक प्रथिन नाही. मात्र पुढे कधी वेगळ्याच तऱ्हेचं साधन निघेल ही शक्यता त्यांनी नाकारली नव्हती.

हद्द कळल्यामुळे तिच्यापर्यंत पोचायचं कसं हेही कळलं. भिंग आणि नमुना यांच्यामध्ये तेलाचा थेंब, नमुन्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर, ऑटो शॉट यांनी बनवलेली नवी काच. रॉबर्ट कॉख यांचं जिवाणूंवरचं काम याच साधनांवर झालं.

आबे झाइसचे भागीदार झाले, श्रीमंत झाले. आणि १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केलं, दोन वर्षांनी कारखान्यातली आपली मालकी त्याला देऊन टाकली. १८९६ च्या नियमांत कामगारांना पगारी रजा, निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा होता. संचालकांच्या पगारालाही कमाल मर्यादा होती, बरं का. १९०० साली आठ तासांचा दिवस आला. इथेही आबेंनी मोजमाप केलं : नऊ तासांचे आठ झाल्यावर काम घटलं नाही, उलट थोडं वाढलंच. १४ जानेवारी १९०५ रोजी येना इथे त्यांचं निधन झालं. त्यांचं सूत्र तिथे दगडात कोरलेलं आहे.

ही हद्द ओलांडायला शतकाहून अधिक काळ लागला. श्टेफान हेल यांनी चमकणाऱ्या ठिपक्याभोवतीचा प्रकाश दुसऱ्या किरणाने विझवला. हा किरण मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला! एरिक बेट्झिग यांची रीत वेगळी. सगळे रेणू एकदम न चमकवता थोडे-थोडे चमकवायचे. ट्रकचे दोन दिवे आळीपाळीने लागले तर प्रत्येकाचा मध्य वेगळा काढता येतो. अशी हजारो चित्रं एकावर एक ठेवायची. एकटा रेणू प्रकाशाने टिपता येतो, हे त्याआधी विल्यम मोअर्नर यांनी दाखवलं होतं. तिघांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आबेंचं सूत्र यात कुठेच खोटं ठरलं नाही. प्रत्येक ठिपका अजूनही तेवढाच धूसर दिसतो, फक्त सगळे एकाच वेळी दिसत नाहीत.

झाइस कंपनी आजही त्या प्रतिष्ठानाच्याच मालकीची आहे आणि हद्दीपलीकडचं दाखवणारे सूक्ष्मदर्शकही ती बनवते.