आजीच्या गोष्टी घेऊन आलेली ग्रंथपालबाई

मेणाच्या घरातली चिमणी आणि शेणाच्या घरातला कावळा ही जोडी आपल्यापैकी कोणाला पुस्तकातून भेटली असेल असे वाटत नाही. ती आजीच्या मांडीवर भेटली. अशाच आजीच्या गोष्टी मनात साठवून एक तरुणी १९२० साली न्यूयॉर्कला आली. तिचे नाव पुरा बेल्प्रे. ॲनी बेझंटना जसे आपण बेझंटबाई म्हणत आलो, तसे हिलाही बेल्प्रेबाई म्हणू या.

बाईंचा जन्म पोर्तो रिकोतील सिद्रा या गावचा. हे बेट पूर्वी स्पेनचे. १८९८ च्या युद्धात ते अमेरिकेकडे गेले आणि १९१७ मध्ये तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. नागरिक झाले खरे, पण घरातली, अंगणातली भाषा स्पॅनिशच राहिली. बाईंच्या घरी गोष्टींचा मोठा षोक. आजी तर गोष्टींची खाणच. शिक्षिका व्हावे म्हणून बाईंनी विद्यापीठात नाव घातले. पण बहीण एलिसा हिच्या लग्नासाठी म्हणून त्या न्यूयॉर्कला आल्या, त्या तिथल्याच झाल्या.

सुरुवातीला कपड्यांच्या कारखान्यात काम केले. मग एक योग जुळून आला. हार्लेम वस्तीतल्या १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुख अर्नेस्टीन रोझ यांना स्पॅनिश बोलणारी मदतनीस हवी होती. ही जागा आधी एलिसालाच देऊ केली होती. तिच्या यजमानांना बायकोने नोकरी करणे पसंत नव्हते. तेव्हा तिने धाकटीला पुढे केले. एका बहिणीसाठी बंद झालेल्या दारातून दुसरी आत गेली, हे वाचताना मन जरा थबकतेच. हे साल १९२१. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पहिली पोर्तो रिकन ग्रंथपाल ती हीच.

मुलांच्या दालनात परीकथांची कपाटे भरलेली होती. देशोदेशींच्या गोष्टी होत्या. बाईंच्या बेटावरची मात्र एकही नव्हती. त्यातून ग्रंथालयाचा दंडक असा, की मुलांना सांगायची गोष्ट छापील पुस्तकातलीच असावी. आता आजीने कधी पुस्तक छापले आहे काय? १९२६ मध्ये ग्रंथालयाच्या शाळेत त्या शिकू लागल्या, तेव्हा कथाकथनाच्या वर्गात त्यांनी आजीचीच एक गोष्ट सांगितली. ती इतकी रंगली, की त्यांच्यासाठी नियमाला मुरड घालून ती मुलांना सांगण्याची परवानगी मिळाली.

ती गोष्ट मार्टिना नावाच्या ठसकेबाज झुरळीणबाईंची. त्यांना एक नाणे सापडते, त्याची त्या पावडर आणतात आणि नटूनथटून सज्जात बसतात. एकेक प्राणी मागणी घालायला येतो, आपला आवाज ऐकवतो आणि नकार घेऊन जातो. शेवटी पेरेझ नावाचा रुबाबदार उंदीर पसंत पडतो. संसार सुखाचा चाललेला असतो. पण नाताळात मार्टिना तांदळाची खीर रांधते आणि खिरीच्या मोहाने पेरेझ पातेल्यात पडून मरतो. मार्टिना रडत राहते. गोष्टीचा शेवट गोड केलेला नाही, आणि बाईंनीही तो पुढे कधी गोड करून घेतला नाही. मला ते फार आवडले. मुलांना दुःख कळते. १९३२ मध्ये ही गोष्ट पुस्तकरूपाने निघाली आणि आजी कपाटात जाऊन बसली!

१९२९ मध्ये बाईंची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेत झाली. भोवती पोर्तो रिकन वस्ती वाढत होती. ग्रंथालय म्हणजे इंग्रजी येणाऱ्यांची जागा, असा पुष्कळ आयांचा समज. बाई चर्चमध्ये गेल्या, वस्तीतल्या संस्थांत गेल्या, ग्रंथालय तुमचेही आहे म्हणून सांगत हिंडल्या. गोष्ट इंग्रजीतही सांगत, स्पॅनिशमध्येही. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण त्यांनी ग्रंथालयातच साजरा करायला घेतला. हाताने बाहुल्या करून त्यांचे खेळ केले. आईची बोली जिथे ऐकू येते तिथे मूल बुजत नाही, हे कोणत्याही बालवर्गाच्या बाई सांगतील.

१९४३ मध्ये त्यांनी क्लॅरेन्स कॅमेरॉन व्हाइट या नामवंत कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाशी विवाह केला. पुढे नोकरी सोडून त्या पतीच्या दौऱ्यांत सहभागी झाल्या आणि लेखन करू लागल्या. वीस वर्षांहून अधिक काळ जपलेले काम असे सोडावे लागणे आपल्यापैकी कित्येकींना परके नाही. पण त्यांच्या लेखणीला या काळात सवड मिळाली, हेही खरे. बेटावरच्या लोककथांचा त्यांचा इंग्रजी संग्रह याच वर्षांतला.

१९६० मध्ये पती वारले. बाई पुन्हा ग्रंथालयात आल्या, त्या आता स्पॅनिश भाषक मुलांच्या खास ग्रंथपाल म्हणून, आणि शहरभर जाऊ लागल्या. १९६८ मध्ये निवृत्त झाल्या, तरी स्वस्थता कुठली? दक्षिण ब्राँक्समधल्या गरीब वस्त्यांत ग्रंथालयाचे काम सुरू होते. तिथे बाहुल्यांचा खेळ घेऊन त्या हजर. सफरचंदाच्या बिया पेरीत हिंडणाऱ्या जॉनी ॲपलसीडची कथा अमेरिकेत घरोघर ठाऊक आहे. आपणही तशाच गोष्टींच्या बिया पेराव्यात, अशी त्यांची हौस होती.

१ जुलै १९८२ रोजी बाई गेल्या. १९९६ पासून लॅटिन अमेरिकी जीवनाचे चित्रण करणाऱ्या बालपुस्तकांच्या लेखकांना व चित्रकारांना त्यांच्या नावाचे पारितोषिक देण्यात येऊ लागले. ज्या कपाटात त्यांना आपली एकही गोष्ट सापडली नव्हती, त्या कपाटासाठी आता दुसरे लिहीत आहेत.