फ्रीड्लबाईंच्या दोन बॅगा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण सर्वजणी लहानपणापासून वाचत आलो आहोत. म्हणून मी जरा दूरच्या बाई निवडल्या. चित्रकार आणि शिक्षिका म्हणून युरोपात त्यांची मोठी ख्याती आहे. फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस हे त्यांचे नाव.

फ्रीड्लबाईंचा जन्म १८९८ साली व्हिएन्ना शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीस होते, तेव्हा पोरक्या मुलीच्या हाती कागद आणि रंग आपोआपच आले. पुढे त्या योहानेस इटेन या गुरूंपाशी शिकल्या, आणि १९१९ साली ते वायमारच्या प्रसिद्ध बाउहाउस शाळेत गेले तेव्हा याही तिकडे गेल्या. इटेन यांचा वर्ग श्वासाच्या आणि अंग मोकळे करण्याच्या व्यायामाने सुरू होई. आधी माणूस मोकळा व्हावा, मग रेघ, अशी ती रीत. तीच बाईंनी जन्मभर सांभाळली.

नंतरची वर्षे व्हिएन्नात घरांची सजावट व लाकडी सामानाचे आराखडे करण्यात गेली. १९३४ साली कम्युनिस्ट चळवळीतील कामाबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर त्या प्रागला आल्या आणि १९३६ साली पाव्हेल ब्रँडाइस यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. हिटलरच्या भयाने पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना त्या तेथे चित्रकला शिकवीत. हाताशी ईडिथ क्रेमर नावाची तरुण शिष्या होती. हीच पुढे अमेरिकेत गेली आणि चित्रकलेतून मनावर उपचार करण्याच्या शास्त्राची एक आद्य प्रवर्तक ठरली. बाईंनाही पॅलेस्टाइनला निघून जाता आले असते, पण पतीला मागे टाकून त्या गेल्या नाहीत.

डिसेंबर १९४२ मध्ये दोघांची रवानगी तेरेझिनच्या छावणीत झाली. बरोबर मोजकेच सामान नेता येई. त्यात बाईंनी मुलांसाठी चित्रकलेचे साहित्य घेतले! तेथे मुले आईबापांपासून वेगळी, दाटीवाटीने राहत. भूक होती, रोगराई होती, आणि आज शेजारी निजलेली मैत्रीण उद्या पूर्वेकडच्या गाडीत घातली जाई. शाळा भरविण्यास मनाई होती.

अशा ठिकाणी बाई चित्रकलेचा वर्ग घेत. कचेरीच्या जुन्या कागदांची कोरी बाजू मुलांच्या पुढ्यात येई. कधी रंगीत कपटे फाडून चिकटवायचे. आधी नुसती वळणे आणि गोल काढून हात सैल करायचा. मग एखादी गोष्ट सांगायची आणि ज्याला जे दिसेल ते त्याने काढायचे. चूक काढायची नाही, कित्ता द्यायचा नाही. मात्र कागदावर आपले नाव घालायचेच. छावणीत माणसाचा नुसता क्रमांक उरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. कोणी तिमजली बिछाने काढले, कोणी अन्नासाठी लागलेली रांग. पण पुष्कळांनी मागे राहिलेले घर, बाग आणि मांडलेले जेवणाचे टेबल काढले. बोलता येत नव्हते ते कागदावर उतरे. जुलै १९४३ मध्ये छावणीतील शिक्षकांपुढे त्यांनी मुलांच्या चित्रांवर व्याख्यानही दिले.

येथे थोडे आपल्या घरचे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि कडेला नारळाचे झाड, हे चित्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मंडळाच्या बालवर्गात मी ते शेकड्यांनी पाहिले. त्यात मूल कोठे असते? उलट एखाद्याने काळेकुट्ट घर काढले, की आई घाबरते. भगिनींनो, काळा खडू घेतला म्हणून लगेच तर्क बांधू नयेत. या घरात कोण राहते, एवढेच विचारावे आणि मुलाला बोलू द्यावे.

सप्टेंबर १९४४ मध्ये पाव्हेल यांना छावणीतून हलविले. बाईंनी पाठोपाठच्या गाडीत स्वतःहून नाव दिले. निघण्यापूर्वी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन बॅगांत भरून ठेवली. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑशविट्झ येथे त्यांची हत्या झाली. पती मात्र वाचले.

ऑगस्ट १९४५ मध्ये विली ग्रोआग यांनी त्या बॅगा प्रागला पोचविल्या. आज ती चित्रे तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. ज्यांनी ती काढली त्यांपैकी बहुतेक मुले परतली नाहीत. पण कागदावर नावे होती, म्हणून कोणते चित्र कोणाचे हे लावता आले.