बाबांची पाठ आणि माझी

गेल्या महिन्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एमआरआय उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी झिजलीये, नसांची वाट अरुंद झालीये. म्हणूनच ओट्याशी दहा मिनिटं उभं राहिलं की पाय भरून येतात आणि बर्डीवर चार दुकानं फिरले की कुठेतरी टेकावंसं वाटतं. बसलं की बरं वाटतं. पुन्हा उठलं की तेच. गोळ्या, शेक, पट्टा सगळं झालंय. आता ऑपरेशनचा विचार करा, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आले आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. जाऊबाई म्हणाल्या, पाठीला अजिबात चाकू लावू देऊ नकोस. शेजारच्या काकूंचं म्हणणं, करून टाक आणि मोकळी हो. मला रात्रभर झोप नाही. अशा रात्री मला एकदम बाबा आमटे आठवले.

तीस वर्षं शिक्षिका होते मी. किती सहली वरोऱ्याला आनंदवनात नेल्या, मुलांना बाबांची गोष्ट सांगितली. पण त्या गोष्टीत बाबांची पाठ कधी आली नाही. खरं तर बाबांचं निम्मं मोठेपण त्या पाठीत आहे, हे स्वतःची पाठ गेल्यावर कळलं!

मुरलीधर देविदास आमटे. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. शिक्षण आपल्या नागपुरात, वकिलीपर्यंत. तरुणपणी शौक मोठे. शिकारीचा नाद, इंग्रजी सिनेमांवर परीक्षणं लिहायची, आणि स्वतःची मोटार, तिच्या बैठकीला म्हणे बिबळ्याचं कातडं! पुढे वरोऱ्याला वकिली करताना मन लागेना. भंगी कामगारांचं जगणं कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावर मैल्याची टोपली वाहिली.

१९४६ साली त्यांचं लग्न झालं ते नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या इंदूशी. लग्नघरात सगळे गडबडीत असताना ही मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती, ते त्यांच्या नजरेत भरलं. ह्याच आपल्या साधनाताई.

मग ती पावसातली रात्र. गटारीच्या कडेला बोटं झडलेला तुळशीराम पडलेला. बाबा घाबरले, पळाले. ही भीती त्यांना इतकी लागली, की ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. तिथून वाट बदलली. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ जमीन मिळाली. सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. विहीर खणायची, दगड फोडायचे, शेत करायचं, सगळं हातानं.

आणि हा एवढा कष्टाळू माणूस पुढे पाठीनं धरला. मानेचे आणि कमरेचे, दोन्हीकडचे मणके झिजले. त्यांना बसताच येईना! माझं उलटं आहे, मला उभं राहवत नाही. बाबांना मात्र दोनच गोष्टी जमायच्या, उभं राहणं नाहीतर आडवं होणं. विचार करा बायांनो, जेवायला बसणं नाही, पाहुण्यांशी खुर्चीत गप्पा नाहीत. एक-दोन वर्षं नाही, पुढचं सगळं आयुष्य असं.

त्यांनी काय केलं? पाठ बरी झाली की कामाला लागू, असं म्हणत थांबले नाहीत. पाठीला जे जमतं, त्यात काम बसवलं. डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली. पाच हजार किलोमीटरहून जास्त. तरुण मुलंमुली सायकलवर आणि बाबा त्यांच्याबरोबर गाडीत, बहुतेक आडवे. मुक्कामाला उभं राहून लोकांशी बोलायचे. १९८८ मध्ये दुसरी यात्रा, इटानगरहून थेट ओख्यापर्यंत. १९९० साली आनंदवन मुलांच्या हाती सोपवून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, धरणात गाव बुडणाऱ्यांच्या शेजारी. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात गेले तेव्हा वय ९३ होतं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत पुरलं.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बाबा दुखणं सोसत राहिले, तुम्हीही सोसा. नाही हो, मला अगदी उलटं दिसतं! बाबांनी दुखणं लपवलं नाही. मी बसू शकत नाही, मला आडवं व्हावं लागतं, हे त्यांनी अख्ख्या देशासमोर मान्य केलं आणि आडवं होऊनच काम केलं. आपण काय करतो? पट्टा साडीच्या आत बांधतो, पाहुण्यांसमोर हसतो, कणीक मळतो आणि रात्री उशीत तोंड खुपसून कण्हतो.

आणि एक गोष्ट साधनाताईंची. बाबा आडवे असताना घर, स्वयंपाक, पाहुणे, रोग्यांची देखभाल हे सगळं कुणीतरी उभं राहून करत होतं. त्यांचं ‘समिधा’ वाचा, म्हणजे कळेल. बाबांच्या पाठीशी साधनाताई होत्या. आपल्या पाठीशी कोण? ऑपरेशनची खरी भीती मला चाकूची नव्हतीच. नंतर सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, मग घर कोण बघणार, ह्याची होती. माझ्यासारख्या कितीजणी ह्याच एका कारणानं दुखणं अंगावर काढत असतील!

म्हणून मी दोन कामं केली. एक, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं आणि नीट विचारून घेतलं. ते म्हणाले, नस दबून पायात येणारी कळ ऑपरेशननं बऱ्यापैकी जाते, नुसती कंबरदुखी मात्र जाईलच असं नाही. पायातली ताकद शाबूत आहे, तोवर घाई नको, आधी नेमानं फिजिओथेरपी करा. पण पाऊल लुळं पडू लागलं, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे तुम्हीही लक्षात ठेवा, आपल्याकडे लाजेपायी बायका हे सांगतच नाहीत.

दुसरं काम जास्त अवघड होतं. रविवारी ह्यांना आणि मुलाला समोर बसवलं, पट्टा वरून बांधला आणि सांगितलं, की आजपासून ओट्याशी उंच स्टूल राहील, पिठाचा डबा मी उचलणार नाही आणि दुपारी तासभर मी आडवी पडणार, तेव्हा हाक मारायची नाही. तीन महिने व्यायाम करीन. पायाची कळ तशीच राहिली तर ऑपरेशन करीन आणि ते सहा आठवडे घर तुम्ही दोघं बघाल. मुलगा जरा गप्प झाला, मग उठून स्टूल आणायला गेला. हे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी कणीक भिजवलीन. पातळ झाली होती. मी काही बोलले नाही, तशाच पोळ्या लाटल्या, स्टुलावर बसून.